नकलेच्या दिवसाची बाजू

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीत मुलांनी एक कल्पना मांडली. वर्षातला एक दिवस ठरवायचा आणि त्या दिवशी घरात, दुकानात, कट्ट्यावर, बसथांब्यावर सर्वांनी ‘तुझ्यात जीव रंगला’ या मालिकेतल्या राणादासारखे बोलायचे. ही मालिका झी मराठीवर २०१६ पासून २०२१ च्या सुरुवातीपर्यंत चालली. तिचे कथानक कोल्हापूरच्या मातीतले होते, आणि तिच्या पैलवान नायकाचे ‘चालतंय की’ हे उत्तर मालिका संपून काही वर्षे झाली तरी बेळगाव, निपाणी, खानापूरकडे लग्नाच्या मांडवात आणि भाजीच्या गाळ्यावर अजून ऐकू येते. मुलांची मागणी एवढीच होती. तिच्यावरून आठवडाभर जो वाद पेटला, तो मात्र दोन्ही बाजूंनी चुकीच्या मुद्द्यांवर लढला गेला असे माझे मत आहे. विरोध करणाऱ्यांनी ‘भाषा मरणपंथाला लागली असताना सोंगे कसली काढता?’ असे विचारून विषय बंद केला. बाजूने बोलणाऱ्यांनी ‘एक दिवसाची गंमत आहे, एवढे मनावर काय घ्यायचे?’ असे म्हणून तो हातावेगळा केला. पहिल्यांना खेळाचे वजन कळले नाही आणि दुसऱ्यांना आपल्याच कल्पनेचे. हा दिवस व्हावा, पुरेशा तयारीने व्हावा, आणि ज्यांना मराठीची काळजी आहे त्यांनीच तो पुढाकाराने करावा, असे मी म्हणते. आणि तीस वर्षे सीमाभागातल्या मुलांना मराठी शिकवून झाल्यावर म्हणते.

असा दिवस जगात पहिल्यांदाच निघतो आहे असेही नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात १९९५ साली जॉन बाउर आणि मार्क समर्स हे दोन मित्र रॅकेटबॉल खेळत असताना, त्यांच्यापैकी एकाला चमक भरली आणि त्याच्या तोंडून समुद्री चाच्यासारखा ‘आर्र’ असा आवाज निघाला. त्यावरून चाच्यांसारखे बोलण्याचा एक दिवस असावा असे त्यांच्या मनाने घेतले. काही वर्षे तो दोघांच्या मित्रमंडळीपुरताच राहिला. २००२ साली डेव्ह बॅरी या स्तंभलेखकाने त्यावर लिहिले आणि १९ सप्टेंबर हा दिवस देशोदेशी पोहोचला. यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की खरे चाचे कसे बोलत होते हे त्या दिवशी कोणी शोधत नाही. लोक जे बोलतात ते रॉबर्ट न्यूटन या नटाचे बोलणे आहे. त्याने १९५० च्या एका चित्रपटात लाँग जॉन सिल्व्हर हा चाचा उभा केला आणि पुढे त्याच दशकात दूरचित्रवाणीच्या मालिकेतही तोच रंगवला. न्यूटनचा जन्म डॉर्सेटचा, म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडचा. तिकडच्या शेतकऱ्या-खलाशांचा हेल त्याने भूमिकेसाठी वापरला. लंडनच्या दृष्टीने तो हेल अडाणी गावंढळांचा. तोच आज जगभरातली मुले हौसेने उच्चारतात.

त्या दोघा मित्रांचा आणखी एक निर्णय मला आपल्या वादाच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. चमक भरली तो दिवस ६ जूनचा होता. पण ६ जून हा १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरले त्या लढाईच्या स्मरणाचा दिवस, म्हणून त्यांनी तो टाळला आणि समर्सच्या पूर्वपत्नीच्या वाढदिवसाची तारीख घेतली. खेळ मांडणाऱ्यांना औचित्य कळत नाही, हा आक्षेप इथेच लंगडा पडतो. आपल्याकडेही १७ जानेवारी आहे, १ जून आहे, १ नोव्हेंबर आहे. १९५६ च्या जानेवारीत आणि १९८६ च्या जूनमध्ये या भागात ज्यांनी गोळ्या झेलल्या त्यांच्या स्मरणाच्या दिवशी कोणी ‘चालतंय की’चा गजर करू म्हणाले असते, तर सर्वांत आधी मी विरोधाला उभी राहिले असते. मुलांनी तसे म्हटलेले नाही. तारीख कोणती घ्यावी हे त्यांनी वडीलधाऱ्यांनाच विचारले आहे.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा घेते, कारण तो खोटा नाही. १९४६ साली ज्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राची मागणी ठरावाने पुढे आली, ते गाव १ नोव्हेंबर १९५६ ला तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, वर्षभरात त्याचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि एवढ्या काळात तीन पिढ्या सातबारा-उताऱ्यासाठी, फलकासाठी, शाळेच्या वर्गखोलीसाठी भांडत राहिल्या. ज्या घरातला माणूस मोर्चात लाठी खाऊन आला त्या घरासमोर मालिकेतल्या पात्राची नक्कल करत पोरे हिंडली, तर त्या घराला ते लागेल. त्या दुखऱ्या जागेला हात लावताना जपून लावला पाहिजे, हे मला पूर्ण मान्य आहे.

परंतु यातून ‘म्हणून हसू नका’ हा निष्कर्ष कसा निघतो? संयुक्त महाराष्ट्राची चळवळ काय नुसत्या ठरावांवर आणि निवेदनांवर उभी राहिली होती? अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर यांच्या कलापथकांनी लोकनाट्ये केली, आणि लोकनाट्य म्हटले की सोंगाड्या आला, सावकाराची, पुढाऱ्याची, साहेबाची नक्कल आली. त्याच्याही मागे जायचे तर नाथांची भारुडे आहेत. पैठणच्या त्या विद्वान ब्राह्मणाने सोळाव्या शतकात जोगी, वासुदेव, गोंधळी, महार अशा कितीकांच्या तोंडची वाणी स्वतःच्या तोंडी घेतली आणि अध्यात्म सांगितले. तेव्हा कोणी त्यांना ‘धर्म संकटात असताना सोंगे कसली काढता?’ असे विचारले असेल का? विचारले असेलही. पण लोकांनी जपली ती भारुडे. सार्वजनिक गणेशोत्सव तरी कुठे अनादि काळापासून होता? पुण्यात १८९३ साली तो नव्याने रस्त्यावर आला तेव्हा सुधारकांनी त्याच्यावर टीका केली, त्यातल्या मेळ्यांना नावे ठेवली. विसाव्या शतकाच्या आरंभी तो बेळगावात रुजला आणि आज ज्या मंडळाच्या बैठकीत हा वाद झाला ते मंडळ त्याच नव्या सणाचे लेकरू आहे. कोणताही सण पहिल्या वर्षी काढलेलाच असतो.

भाषा कुठे तुटते हे मी वर्गात पाहिले आहे, आणि त्याच्याही आधी स्वतः भोगले आहे. कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी बोलताना ‘मी जातो’, ‘मी आलो’ असेच म्हणतात. माझी आई तसेच म्हणत असे, आजीही म्हणत असे. पाचवीत असताना मी वर्गात हात वर करून म्हणाले, “बाई, मी पाणी पिऊन येतो.” बाहेरगावाहून आलेल्या बाई हसल्या, मग वर्ग हसला, आणि मला बाकावर उभे करून ‘येते, येते’ असे दहा वेळा म्हणवून घेतले गेले. त्या दिवसापासून मी शाळेत ‘येते’ आणि घरात ‘येतो’ म्हणू लागले, आणि काही वर्षांनी घरातलाही ‘येतो’ सुटला. आई एकदा म्हणाली, “आमच्यात असं कोण बोलतंय? तू पाव्हण्यासारखी बोलूलीस.” पुढे मी शिक्षिका झाले आणि तेच केले. मुलींच्या वह्यांतल्या किती ‘आलो’ मी लाल शाईने ‘आले’ केल्या असतील याची मोजदाद नाही. प्रमाण मराठी शिकवणे हे माझे कामच होते, ते मी पुन्हा करीन. पण तिच्या शेजारी घरातली बोली उभी राहू शकते, हे मी त्या मुलींना कधी सांगितले नाही. ज्या मुलीला आपल्या आईचे बोलणे चूक वाटू लागते, ती पुढे आपल्या मुलांशी त्या भाषेत बोलत नाही. इंग्रजी माध्यमाची वाट तिला सोपी वाटते, कारण तिथे निदान मराठी चुकण्याची भीती नसते. हे नुकसान कोणत्याही सरकारी परिपत्रकाने केलेले नाही. ते आम्हीच, आमच्या लाल शाईने केले. मोर्चाने ते भरून निघणार नाही, कारण मोर्चाच्या घोषणासुद्धा पुस्तकी मराठीतच असतात.

येथे दुसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो मला पहिल्याहून अधिक कठीण वाटतो. नक्कल ही नेहमी प्रेमातून होत नाही. वरच्याने खालच्याची नक्कल केली की ती चेष्टा होते. माझ्या त्या वर्गातले हसू हीसुद्धा नक्कलच होती. मालिकांनी आणि नाटकांनी ग्रामीण बोली वर्षानुवर्षे गड्याच्या, मोलकरणीच्या, बावळट पाव्हण्याच्या तोंडी घातली आहे. न्यूटनच्या हेलाचेही उदाहरण दोन्हीकडे कापते: इंग्लंडच्या त्या भागातल्या माणसाने तोंड उघडले की ऐकणाऱ्याला चाचाच आठवावा, हे त्याला दरवेळी सुखाचे असेल असे कसे म्हणावे? म्हणून ‘गंमत आहे, मनावर काय घ्यायचे?’ हे समर्थकांचे उत्तर मला पटत नाही. मनावर घेण्यासारखीच ही गोष्ट आहे. प्रश्न एवढाच विचारायचा, की नक्कल कोण करतो आणि ज्याची केली तो त्या वेळी समोर बसलेला आहे काय.

मालवणीचे काय झाले ते पाहा. मुंबईच्या रंगभूमीवर मालवणी ही अनेक वर्षे रामा गड्याची भाषा होती. प्रेक्षकांतले कोकणी लोकही त्या हशात सामील होत आणि बाहेर पडल्यावर प्रमाण मराठी बोलत. मग १९८० मध्ये मच्छिंद्र कांबळी ‘वस्त्रहरण’ घेऊन आले. हसणे तेवढेच होते, किंबहुना जास्तच. पण आता मालवणी माणूसच मालवणीत हसवत होता आणि हसतही होता. त्यानंतर मालवणी बोलणाऱ्याने मुंबईत मान खाली घालण्याचे कारण उरले नाही. आपल्या बेळगावचेच उदाहरण हवे असेल तर पु. ल. देशपांडे यांनी रंगवलेले रावसाहेब आहेत. पु. ल. इथे नोकरीनिमित्त राहून गेले, इथल्या माणसांत मिसळले, आणि रावसाहेबांची ती कानडी वळणाची, लिंग-वचनाला न जुमानणारी मराठी त्यांनी लिहिली आणि स्वतःच्या आवाजात ऐकवलीही. महाराष्ट्रातल्या लोकांनी ती डोक्यावर घेतली. ती नक्कल नव्हती काय? होतीच. पण ती ऐकून रावसाहेब लहान वाटत नाहीत. ऐकणाऱ्याला आपल्या गावात असा एक माणूस असावा असे वाटते.

“मग आपलीच बोली का नाही? कोल्हापूरच्या पैलवानाची उसनी कशाला?” असा प्रश्न एका जाणत्या गृहस्थांनी बैठकीत विचारला, आणि खरे सांगायचे तर पहिल्या क्षणी मला तो बिनतोड वाटला. परंतु आम्ही तो प्रयोग करून चुकलो आहोत. आमच्या शाळेत एका वर्षी ‘आपल्या बोलीत बोला’ अशी स्पर्धा ठेवली होती. एकामागून एक मुले व्यासपीठावर आली आणि अगदी स्वच्छ पुस्तकी मराठीत बोलीचे महत्त्व सांगून खाली उतरली. ज्या गोष्टीची लाज वाटते ती सरळ मागितली तर माणूस देत नाही. ती आडवाटेने, दुसऱ्याचे सोंग घेऊन बाहेर येते.

याचा पुरावा त्याच बैठकीत मिळाला. कल्पना समजावून सांगताना एका मुलाने उभे राहून, छाती फुगवून, “चालतंय की!” असे म्हणून दाखवले. कोपऱ्यात आमच्या शेजारच्या आजी बसल्या होत्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या, नातवाला न्यायला आलेल्या. त्या म्हणाल्या, “हे कोल्लापूरकडचं झालं गा. आमच्यात कोण असं म्हणतंय?” झाले, वाद विसरून सगळे त्यांच्याभोवती जमले. तुमच्यात कसे म्हणतात, असे मुलांनी विचारले. आजींनी ‘काय करूलास गा’ म्हणून दाखवले, त्यातला ‘गा’ कोणाला लावायचा आणि कोणाला लावायचा नाही ते सांगितले. निपाणीची एक सून म्हणाली, आमच्याकडे ‘काय करालायस’. खानापूरच्या बाजूचा एक मुलगा आधी लाजला, मग त्याने आपल्या आजोळचे रूप म्हटले. ते ऐकून आजींनी “हां, तिकडं जंगलाकडं असंच” अशी पावती दिली. अर्धा तास ते चालले. तीस वर्षांत मी बोलीभाषांचा जो धडा शिकवला तो इतका चांगला एकदाही झाला नव्हता, आणि तो सुरू झाला मालिकेतल्या दोन शब्दांच्या नकलेने. आजींना कोणी ‘आपली बोली जपा’ म्हटले असते तर त्या गप्प बसल्या असत्या. चुकीची नक्कल ऐकल्यावर मात्र त्यांना राहवले नाही.

कानडी शेजाऱ्यांना हे चिथावणीसारखे वाटेल, असेही भय घातले गेले. भयाला आधार आहे. या शहरात भाषेच्या नावाने चार माणसे जमली की पोलिसांची गाडी येऊन थांबते. पण याच कारणासाठी मला हा दिवस हवासा वाटतो. उत्तर कर्नाटकातल्या कानडीची आणि आमच्या मराठीची स्थिती किती सारखी आहे हे आपण दोघेही विसरतो. इथला माणूस ‘एन माडाकत्ती’ म्हणाला की बंगळूरकर हसतो. कानडी चित्रपटांत आणि मालिकांत ही बोली अनेकदा विनोदापुरतीच येते. आम्ही पुण्याला गेल्यावर जे ऐकतो तेच आमचा कानडी मित्र बंगळूरला गेल्यावर ऐकतो. आणि याच धारवाडी बोलीत द. रा. बेंद्रे यांनी कविता लिहिल्या. १८९६ साली धारवाडात जन्मलेले, घरी मराठी बोलणारे बेंद्रे कानडीचे थोर कवी झाले, त्यांना १९७३ चे ज्ञानपीठ मिळाले. आणि त्यांच्या कवितेतले शब्द बाजारपेठेतले, माजघरातले होते. ‘अण्णा’, ‘अक्का’, ‘तूप’, ‘अडकित्ता’ हे शब्द आपण कानडीशी वाटून घेतलेले आहेत आणि ज्ञानदेवांनी आपल्या विठ्ठलाला कानडा म्हटले आहे. मग त्या दिवशी शेजारच्या गल्लीतल्या कानडी मुलांनी त्यांच्या आवडत्या मालिकेतले पात्र आणले, तर आपले काय बिघडेल? १ नोव्हेंबरला एकाच शहरात एकाचा उत्सव आणि दुसऱ्याचा काळा दिवस असतो. त्या दिवसाचे कारण खरे आहे आणि त्यावरची माझी भूमिका सीमाभागातल्या इतर मराठी माणसांसारखीच आहे. पण वर्षाचे उरलेले दिवस आम्ही एकाच नळावर पाणी भरतो. तिथे भाषेवरून एकत्र हसण्याचा एक प्रसंग असू नये, असा नियम कोणी केला?

वाहिनीची फुकट जाहिरात होईल, या आक्षेपावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. मालिका संपली, तो शब्दप्रयोग लोकांचाच होता, लोकांकडे परत आला.

राहिला तारखेचा आणि व्यवस्थेचा प्रश्न. हुतात्म्यांचे दिवस वगळावेत, २७ फेब्रुवारीही वगळावी, कारण त्या दिवशी व्याख्याने असतात आणि ती असावीत. श्रावणातला एखादा रविवार मला योग्य वाटतो. पाऊस असतो, शेतावरची कामे थोडी हलकी झालेली असतात, आणि माणसे घरात सापडतात. परवानगीचा अर्ज कानडीत आणि मराठीत असा दोन्हींत द्यावा. सकाळी राणादासारखे बोलावे, आणि संध्याकाळी मंडळाच्या मांडवात सत्तरीच्या पुढच्या बायकांना परीक्षक म्हणून खुर्चीवर बसवून, प्रत्येकाने राणादाचे तेच वाक्य आपल्या आजोळच्या बोलीत म्हणून दाखवावे. चुकले तर त्या सुधारतील. शाळेतल्या कोणा शिक्षकाने त्या दिवशी लाल पेन घेऊन येऊ नये, एवढीच माझी अट आहे.

मुलांनी मंडळाची वही फिरवली तेव्हा परीक्षकांच्या मदतीला कोण येणार, या रकान्यात मी माझे नाव लिहिले. पुढे शेरा लिहायला जागा होती. तिथे मी ‘मी येतो’ असे लिहिले.